सहा मिनिटं चाळीस सेकंद

काकांच्या घरी राहायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या सुटकेसचं चाक ऐकलं. "पुढचं डावं," ते म्हणाले. "बेअरिंग गेलंय." मग त्यांनी सुटकेस आडवी केली, गराजमधून तेलाची बाटली आणली, दोन थेंब सोडले आणि तिला ड्राइव्हवेवर स्वतः एक फेरी मारून आणली. मी हातात पासपोर्ट धरून उभी. काकू दारातून म्हणाल्या, "अगं, तू आत ये. तिचं फिरून झालं की येईल ती."

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या त्या घराच्या बेसमेंटमध्ये मी शिकत असताना दोन वर्षं भाड्याने राहिले. काका एका मोटार कंपनीत इंजिनियर होते. गाडीत नको असलेले आवाज शोधायचे आणि ते घालवायचे, एवढंच त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षं ते हेच करत होते आणि घरी आल्यावरही थांबत नसत. जेवणाच्या खुर्च्यांच्या पायांना त्यांनी नमदा चिकटवला होता. कपाटांची दारं बंद होताना कुजबुजसुद्धा होत नसे. त्यांच्या खिशात आवाज मोजायचं एक छोटं यंत्र असे. काकूंनी फोडणी घातली आणि शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा लावला की ते यंत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत.

"एकतर धूर, नाहीतर आवाज," काकू म्हणत. "काय ते एकदा ठरवा आणि मला कळवा."

ते कोणाला "कसे आहात" असं विचारत नसत. "तुमचा डिशवॉशर अजून घरघरतो का?" असं विचारत, आणि अगदी मनापासून विचारत. मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा सगळे तिच्याभोवती उभे राहून रंगाचं कौतुक करत होते. काकांनी डॅशबोर्डला कान लावला. म्हणाले, "गणपती सैल आहे." अध्यक्षांनी चिकटवलेली ती इंचभर मूर्ती खरंच थरथरत होती. काकांनी तिथल्या तिथे ती काढली, खाली रबर घातलं आणि परत बसवली. अध्यक्ष म्हणाले, "अप्रतिम!" त्यानंतर ते आपली गाडी नेहमी काकांच्या गाडीपासून लांब लावू लागले.

घरातल्या कुठल्याही आवाजाला काकांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले. म्हणून वरच्या मजल्यावरचा धुराचा अलार्म बॅटरी संपत आल्यामुळे दर मिनिटाला चिवचिवायला लागला, तेव्हा मी काही बोलले नाही. तीन आठवडे झाले तरी तो चिवचिवतच होता, तेव्हा मी काकूंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "काहीतरी टेस्टिंग चालू असेल त्यांचं. मागे एकदा मी फ्रिजखालचा पुठ्ठा काढला, तर आठवडाभर बोलले नव्हते."

मला वाटलं, असेल.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढे जे झालं त्यात माझी चूक मोठी आहे. मी हिंगोली जिल्ह्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कुठे काय बोलायचं असतं हे मला घरी कोणाला विचारता यायचं नाही. प्राध्यापकांना ईमेल कसा लिहायचा, पार्टीला बोलावलं तर काय न्यायचं, कोणी गाऊन दाखवलं तर काय म्हणायचं. म्हणून आजूबाजूचे लोक जे म्हणत, तेच मी म्हणत असे. आणि ट्रॉयमध्ये लोक म्हणत, "अप्रतिम." बटाटेवडा अप्रतिम, मुलीचं भरतनाट्यम अप्रतिम, बेसमेंटची नवी फरशी अप्रतिम. मंडळाच्या कार्यक्रमात दोन तास नाटक चालायचं आणि मागच्या तीन रांगा फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत असायच्या. पडदा पडला की त्याच रांगांतून सगळ्यात आधी अप्रतिम यायचं.

खरं तर मला गाणं ऐकायचं कसं हे चांगलं माहीत होतं. माझे पप्पा गायन पार्टीत आहेत. जयंतीच्या महिन्यात ते गावोगाव भीमगीतं गातात. आमच्या वस्तीत गाणाऱ्याचा सूर ढळला की पुढच्या सतरंजीवरून आवाज येतो, "ए दादा, खाली आलास!" गाणारा मान डोलवतो, हार्मोनियमवाल्याकडे बघतो आणि पुन्हा वर जातो. कोणाला त्यात अपमान वाटत नाही. मी त्या सतरंजीवर वाढले. पण इथे आल्यावर मला वाटलं, ती पद्धत गावाकडची. शिकलेली माणसं असं बोलत नसतील.

तर काकांचं गाणं.

दोन हिवाळे ते गराजमध्ये एक गाणं बनवत होते. गाडी बाहेर बर्फात उभी आणि आत भिंतींना काकूंच्या जुन्या रजया टांगलेल्या. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा. बाकीची वाद्यं कॉम्प्युटरवर. भावगीत नाही, गझल नाही, हे त्यांनी मला आधीच बजावलं. "पॉवर बॅलड आहे," ते म्हणाले. "म्हणजे बघ, आधी पियानो आणि माणूस हळू आवाजात रडतो. मग ड्रम येतात. मग गिटार येते, सूर एकदम एक पायरी वर जातो, आणि तोच माणूस डोंगरावर उभा राहून रडतो."

"डोंगर कशाला?" काकूंनी विचारलं.

"पॉवरसाठी."

गाण्याचं नाव होतं 'वादळा, मला विचार', लांबी सहा मिनिटं चाळीस सेकंद. पहिली ओळ अशी: वादळा, मला विचार, मी कुठे उभा होतो.

"गराजमध्ये," काकू म्हणाल्या.

काका हसले नाहीत. काकूंच्या चेष्टेवर ते कधी रागावले नाहीत, पण त्या गाण्याच्या बाबतीत हसतही नसत. एका शनिवारी त्यांनी मला गराजमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, "हे बघ, माझं आयुष्य आवाज काढून टाकण्यात गेलं. मी काम चांगलं केलं की गाडीत काही ऐकूच येत नाही. म्हणजे माझं काम कोणी ऐकलेलंच नाहीये. मला एक गोष्ट अशी करायची आहे जी लोक शेवटपर्यंत ऐकतील. तुझे वडील गातात ना? मग खरं सांग."

त्यांनी बटण दाबलं आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सुरुवात चांगली होती. चांगली म्हणजे, मी खुर्चीत पुढे सरकले. फक्त पियानो आणि काकांचा थोडा घोगरा आवाज, वाट बघणाऱ्या माणसाचा. तिसऱ्या मिनिटाला ड्रम आले, तेही चालले. पाचव्या मिनिटाला सूर वर गेला, आणि त्याबरोबर एक शीळ सुरू झाली. गिटार, व्हायोलिन आणि काकांचा वरचा स्वर मिळून झालेली, सुईसारखी. माझे दात शिवशिवले. मी खांदे कानांपर्यंत उचलले. ती शीळ शेवटपर्यंत, पूर्ण दीड मिनिट चालली. काका भिंतीकडे तोंड करून मान डोलवत होते.

गाणं संपलं. ते वळले. "शेवटाला धार कमी पडतेय का? मला तिथे अजूनही बोथट वाटतं. रोज थोडी वाढवतोय."

मी म्हणाले, "अप्रतिम, काका."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग वळून धार आणखी थोडी वाढवली.

गाणं रिलीज झालं गुढीपाडव्याला. मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होता. श्रीखंडाच्या आधी लाँच, असं अध्यक्षांनी ठरवलं होतं, कारण श्रीखंडानंतर लोक थांबत नाहीत. काका काळा कुर्ता घालून स्टेजवर एका बाजूला उभे. मागे पडद्यावर विजा चमकत होत्या. त्या विजा काकूंच्या भाच्याने टाकल्या होत्या.

पाच मिनिटं सगळं ठीक चाललं. मग सूर वर गेला.

पुढच्या दोन रांगांत लहान मुलं बसली होती. त्यांनी एकदम कानांवर हात ठेवले. एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "मम्मा, मेक इट स्टॉप!" तिच्या आईने तिचे हात धरून खाली ओढले आणि स्टेजकडे बघून हसली. मग मी मागे वळून पाहिलं. एक काकू कानातलं नीट करत होत्या, दोन्ही हातांनी, पूर्ण दीड मिनिट. एका काकांनी मफलर डोक्यावरून घेतला होता. अध्यक्ष दोन्ही तळवे गालांवर ठेवून भारावल्यासारखे बसले होते आणि त्यांची मधली बोटं कानांत होती. आणि मी माझी ओढणी डोक्यावरून घेतली होती.

काका डोळे मिटून उभे होते. त्यांना काही दिसलं नाही.

टाळ्या खूप झाल्या. इतक्या टाळ्या त्या हॉलमध्ये मी पुन्हा ऐकल्या नाहीत. कदाचित थांबल्याच्या आनंदाने असतील. सगळे उभे राहिले. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "अंगावर काटा आला!" हे मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून काका नाश्त्याच्या वेळी आकडे बघू लागले. गाणं इंटरनेटवर होतं आणि ते किती जणांनी, कुठपर्यंत ऐकलं याचा आलेख त्यांना दिसे. मंडळाच्या ग्रुपवर दीडशे अप्रतिम आले होते. गाणं वाजलं होतं एकतीस वेळा.

"आणि शेवटपर्यंत?" काकूंनी विचारलं.

काकांनी फोन टेबलावर ठेवला. आलेख सरळ चालत येत होता आणि पाचव्या मिनिटाला कड्यावरून पडल्यासारखा खाली जात होता. "एकही नाही," ते म्हणाले. त्यांनी ते इतक्या सपाट आवाजात सांगितलं की काकूंनी तोंडात आलेलं वाक्य गिळलं. ते मला दिसलं. मग काका म्हणाले, "माणसं बिझी असतात." ते उठले, आणि त्यांची खुर्ची नेहमीसारखी आवाज न करता मागे सरकली.

त्या आठवड्यात ते गराजमध्ये गेले नाहीत. संध्याकाळी सोफ्यावर बसून भिंत बघायचे. मला ते पाहवेना. खरं सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मग मी मदत केली. मला आता वाटतं, धैर्य नसलेली माणसं खूप मदत करतात.

गणपतीत कोणी किती मोदक आणायचे याची मंडळाची एक शीट असते. मी तिची कॉपी केली. मोदकांच्या जागी गाणं टाकलं. रोज कुठल्या घराने काकांचं गाणं किती वेळा वाजवायचं, याच्या पाळ्या लावल्या आणि काका सोडून सगळ्यांना शीट पाठवली. 'उकडीचे की तळणीचे' हा रकाना काढायचा राहिला. तिघांनी तोही भरला.

लोकांनी इतकं मनापासून काम केलं की मला भरून आलं. ट्रॉयमधली माणसं दुसऱ्यासाठी पाळी कधी चुकवत नाहीत. फक्त प्रत्येकाने मला वेगवेगळं फोन करून एकच प्रश्न विचारला. अध्यक्षांनीही विचारला.

"अगं, म्यूट करून लावलं तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. प्रत्येकाला.

मग ट्रॉयमधल्या बावीस घरांत ते गाणं दिवसभर मुक्याने वाजत राहिलं. कोणाच्या लॅपटॉपवर, कोणाच्या मुलाच्या आयपॅडवर, एकाच्या तर टीव्हीवर. लोक ऑफिसला जाताना दिव्याची वात सारखी करावी तसं गाणं लावून जात. आकडे चढले. आलेख आता सरळ शेवटपर्यंत जात होता. काका पुन्हा नाश्त्याला बोलू लागले. "शेवटपर्यंत," ते म्हणायचे. "बघ, शेवटपर्यंत जातायत लोक." त्यांनी नवा काळा कुर्ता मागवला. दुसरं गाणं मनात घोळतंय असं सांगितलं. त्यात म्हणे दोनदा सूर वर जाणार होता.

काकू माझ्याकडे बघत होत्या. शीट त्यांनाही आली होती. बुधवारची पाळी त्यांची होती.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, काकांना ईमेल आला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. गाण्याचे श्रोते कृत्रिमरीत्या वाढवल्याचं आढळलं, सबब गाणं काढून टाकण्यात येत आहे, असा त्याचा अर्थ होता. त्यांनी तो पुन्हा वाचला.

"कृत्रिम?" ते म्हणाले. "माझे श्रोते?"

काकू गॅसपाशी पोहे परतत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सांग बाई आता."

मी सांगितलं. शीटचं, पाळ्यांचं, म्यूटचं. बोलताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. माझं बोलून झाल्यावर काकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे कोणी ऐकलंच नाही."

"पाडव्याला ऐकलं, काका. सगळ्यांनी."

"मग पुन्हा का नाही ऐकावंसं वाटलं? सुरुवात वाईट आहे?"

"नाही. सुरुवात खूप चांगली आहे." हे मला पुन्हा म्हणावंसं वाटलं, म्हणून म्हटलं. "खूपच चांगली आहे. मी हे खरं सांगतेय. पण शेवट ऐकवत नाही, काका. कान दुखतात. ती शीळ सुरू होते ना, पाचव्या मिनिटाला."

"कुठली शीळ?"

मला वाटलं, ते रागाने विचारतायत. मी वर पाहिलं. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"बारीक, टोकदार आवाज आहे," मी म्हणाले. "वरच्या अलार्मसारखा."

"कुठला अलार्म?"

काकू वळल्या. हातात कालथा तसाच. तेवढ्यात वरच्या मजल्यावर तो चिवचिवला. आम्ही दोघींनी छताकडे पाहिलं. काकांनी आमच्याकडे पाहिलं. फक्त आमच्याकडे.

एक मिनिट गेलं. मग तो पुन्हा चिवचिवला, आणि आम्ही नको म्हणत असतानाही आमच्या माना पुन्हा वर गेल्या. काकांनी खिशातलं यंत्र काढलं, जिन्याने वर गेले आणि अलार्मखाली उभे राहून ते वर धरलं. आम्ही खालून बघत होतो. यंत्रावरचा काटा उडाला. थोड्या वेळाने पुन्हा उडाला. काका काट्याकडे बघत राहिले.

"कधीपासून?" त्यांनी वरूनच विचारलं.

"आता तीन महिने होतील," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, तुमचं टेस्टिंग चाललंय." आणि मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच बिघडलेला मी ऐकला. "अहो, मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्याच आठवड्यात त्यांचे कान तपासले. घरघर, गुरगुर, खडखड त्यांना आमच्यापेक्षा चांगली ऐकू येत होती. वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेले होते, आणि हळूहळू आणखी जाणार होते. ऑफिसात तर मोजायला यंत्रं असतात, त्यामुळे तिथे कोणाला कळलं नाही, त्यांनाही नाही. घरी त्यांनी कानांच्या तपासणीचा आलेख टेबलावर पसरला आणि मला समजावून सांगितला, जणू दुसऱ्या कोणाच्या गाडीचा होता. "बघ, इथून पुढे काहीच नाही. मी धार वाढवत गेलो कारण मला ती येतच नव्हती." मग त्यांनी कागदाची घडी घातली. "गराजमध्ये तुला विचारलं होतं मी."

"हो, काका."

"तेव्हाच सांगितलं असतंस, तर मला चार महिने आधी कळलं असतं."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. नंतर म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, तुमच्या गाडीत आवाज आहे. एकालाही आवडलं नाही. शिव्या घालायचे. पण नीट करून आणायचे. मी त्यांना अप्रतिम म्हणालो असतो ना, तर आज त्या सगळ्या गाड्या वाजत फिरल्या असत्या." सोमवारी त्यांनी ऑफिसात जाऊन आपल्या कानांचं सांगून टाकलं. तिथे काय होईल याची त्यांना भीती होती, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. त्या सकाळी काकांनी दोनदा चहा केला आणि दोन्हीदा प्यायला विसरले.

त्या संध्याकाळी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. मी तो आधी वाचला होता, कारण त्यांनी मला शुद्धलेखन तपासायला सांगितलं होतं.

"पाडव्याला माझ्या गाण्याच्या शेवटी ज्यांनी कान झाकले, किंवा झाकावेसे वाटले, त्यांनी हात वर करावेत. मला माहिती हवी आहे. राग येणार नाही. कृपया अप्रतिम लिहू नये."

पहिलं उत्तर लगेच आलं. "अप्रतिम उपक्रम!" ते पुसलं गेलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. काका स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून फोन हातात धरून उभे होते. काकू कणीक मळत होत्या. त्यांनी एका हाताची कणीक पुसली, आपला फोन घेतला आणि वर केलेल्या हाताचं चित्र पाठवलं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पुन्हा कणीक मळायला लागल्या. दुसरा हात माझा होता.

मग अध्यक्षांचा आला. मग मफलरवाल्या काकांचा, कानातलं नीट करणाऱ्या काकूंचा. त्या लहान मुलीच्या आईने दोन हात पाठवले आणि खाली लिहिलं, दुसरा माझ्या मुलीचा, मी तिचे हात खाली ओढले होते, सॉरी काका. त्यानंतर मात्र हात थांबेनात. फोन काकांच्या हातात थरथरत होता आणि ते बोटाने एकेक हात वर सरकवत होते, ओठांतल्या ओठांत मोजत.

"किती?" काकूंनी विचारलं.

"सत्तर झाले." त्यांनी आणखी एक सरकवला. मग चष्मा कपाळावर ढकलला. "म्हणजे शेवटपर्यंत ऐकलं होतं गं सगळ्यांनी," ते म्हणाले.